दातांच्या कण्या

मराठी भाषेने दातांना जितके राबवून घेतले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला घेतले असेल. रागावलो की आपण दातओठ खातो, घाबरलो की आपली दातखीळ बसते, आणि वादात हरलेल्या माणसाचे दात त्याच्याच घशात जातात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे तर आपले साऱ्या संसाराविषयीचे तत्त्वज्ञानच होऊन बसले आहे. एखाद्याला पुन्हापुन्हा विनवून आपण थकलो की म्हणतो, "अहो, दातांच्या कण्या केल्या, पण ऐकेल तर शपथ!"

या शेवटच्या वाक्प्रचारात अतिशयोक्ती आहे असे कोणीही म्हणेल. परंतु दंतवैद्यांनी आता तो शब्दशः खरा करून दाखविला आहे. उपटलेल्या दाताच्या खरोखरीच कण्या करायच्या, त्या औषधी पाण्याने स्वच्छ करायच्या, आणि त्याच माणसाच्या जबड्यात, जेथे हाड उणे पडण्याची भीती असेल तेथे, भरायच्या. काही महिन्यांत त्या कण्यांच्या आधाराने तेथे नवे हाड धरते. दात कोरून पोट भरत नाही हे खरेच. पण दात दळून हाड भरते, असे म्हणावयास हरकत नाही!

गंमत बाजूला ठेवू. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक घरात दाताचे काही ना काही दुखणे असतेच, आणि दात काढण्याचा प्रसंग आला की तो काढून मोकळे होण्यापलीकडे आपण सहसा विचार करीत नाही. तो विचार दात काढण्यापूर्वीच का करायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

दातामागून हाडही जाते

माझी थोरली बहीण श्रीरामपूरला असते. आज तिने सत्तरी ओलांडली आहे. पंचेचाळिशीच्या आसपास तिचे खालचे दात हिरड्यांच्या विकाराने एकामागून एक हलू लागले, आणि एकामागून एक काढले गेले. त्या काळी त्यात वावगे असे काहीच नव्हते. दात दुखला की काढायचा, सगळे गेले की कवळी बसवायची, ही सर्वमान्य रीत होती. पहिली कवळी चांगली बसली. दुसरी थोडी सैल झाली. आज चौथी कवळी आहे आणि ती तोंडात चक्क तरंगते. बाजरीची भाकरी दुधात कुस्करल्यावाचून तिला खाता येत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात थंडी पडली की शेताशेतांतून हुरड्याचा धूर निघू लागतो. अक्का आगटीभोवती सर्वांबरोबर बसते, गरम कणसे चोळून पोरांच्या हातावर दाणे ठेवते, आणि स्वतः मात्र गुळाचा खडा चघळत राहते. फोटो काढताना ती तोंडाला पदर लावते.

अक्काला आता स्क्रू बसवून पक्के दात लावता येतील का, म्हणून आम्ही तिला दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी जबड्याचा फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरून म्हणाले, "दात लावीन हो, पण कशात लावू? हाड कुठे आहे?"

हाड कोठे गेले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दात जबड्यात ज्या खाचांमध्ये बसलेले असतात, त्या खाचांचे हाड दातांच्याच पायी जन्माला येते आणि दातांच्याच आधाराने जगते. चावताना दातावर पडणारा भार त्या हाडाला पोहोचतो, आणि तोच भार त्याला सांगत असतो की तुझी गरज आहे. दात गेला की ही खबर बंद पडते. शरीर मोठे काटकसरी आहे. ज्याचा उपयोग नाही ते पोसायचे कशाला, या हिशोबाने ते हाड विरघळवून टाकू लागते. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील संशोधकांनी दाढा काढलेल्या माणसांच्या जबड्यांची वर्षभर मोजमापे घेतली आणि ती २००३ साली प्रसिद्ध केली. दात काढलेल्या जागी हिरडीच्या कण्याची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्मी झाली होती, आणि या घटीपैकी दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती! अक्काच्या बाबतीत तर पंचवीस वर्षे लोटली होती.

रिकाम्या घरात कोणी राहावयास नसले की आढे खचते, भिंती ढासळतात. तशातलाच हा प्रकार. म्हणून दात काढल्याबरोबर त्या खाचेत काहीतरी भरून ठेवावे, म्हणजे भिंती उभ्या राहतील, ही कल्पना पुढे आली.

भरायचे, पण कोणाचे हाड?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी प्रत्यक्षच उभा राहिला. आमच्या सौभाग्यवतींची खालची उजवी दाढ हलू लागली. ती दाढ वरून दिसायला धडधाकट होती, कीड नव्हती, पण हिरडीच्या जुन्या विकाराने तिच्या मुळाभोवतीचा आधारच नाहीसा झाला होता. आमचे दंतवैद्य सावेडीला गुलमोहर रस्त्याच्या बाजूस बसतात. वयाने ते आमच्या मुलाएवढे आहेत आणि सौभाग्यवतींना काकू म्हणतात. दाढ काढावी लागेल, काढल्यावर खाचेत हाडाची भुकटी भरू, म्हणजे पुढे स्क्रू बसविण्यास जागा शाबूत राहील, असे त्यांनी सांगितले. आम्ही मान डोलावली. उठता उठता सौभाग्यवतींनी सहज विचारले, "भुकटी कसल्या हाडाची असते हो?"

डॉक्टर म्हणाले, "काकू, ही जी सर्वांत जास्त अभ्यासलेली आहे ती गाईबैलांच्या हाडापासून करतात. परदेशातून येते. त्यातले मांस, चरबी सगळे काढून टाकलेले असते. उरते ते निव्वळ खनिज."

सौभाग्यवती पुन्हा खुर्चीवर बसल्या. "अहो, मी रोज सकाळी देवापुढे बसते. आणि गाईचे हाड तोंडात घेऊन बसू? ते जमायचे नाही."

पुढारलेले वाचक यावर हसतील. परंतु हसण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे ही भुकटी पोटात जाऊन पचणारी वस्तू नव्हे. तिचे काही कण वर्षानुवर्षे जबड्यात तसेच राहतात. आणि दुसरे म्हणजे आपल्या शरीरात काय घालावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. आमचे नगर हे आचार्य आनंदऋषीजींचे नगर. १९०० साली याच जिल्ह्यातील चिचोंडीस त्यांचा जन्म झाला आणि १९९२ साली नगरातच ते निवर्तले. येथील जैन कुटुंबांत औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टन कशाचे आहे हेही विचारून घेतात. खाचेवर झाकण म्हणून जे पातळ पडदे घालतात, त्यांतले काही डुकराच्या कातडीपासून केलेले असतात. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांना ते कसे चालावेत? तेव्हा प्रश्न एका घराचा नव्हे. डॉक्टरांनी विचारल्याबरोबर खरे सांगितले याबद्दल मला त्यांचा आदरच वाटला.

मग त्यांनी दुसरे पर्याय सांगितले. पहिला पर्याय म्हणजे स्वतःचेच हाड. हनुवटीतून किंवा कमरेतून ते काढता येते आणि गुणाने ते उत्तम. पण एका जखमेसाठी दुसरी जखम करावी लागते. दुसरा पर्याय म्हणजे मरणोत्तर दान केलेले माणसाचे हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी पेढी आहे. तेथे दान मिळालेले हाड गोठवून सुकवितात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दधीची ऋषींनी देवांसाठी आपली हाडे दिली असे पुराणात आहे. या पेढीला हाडे देणारे अनामिक दधीचीच म्हणायचे. तिसरा पर्याय कारखान्यात केलेल्या चुनखनिजाच्या भुकटीचा. ती निर्दोष खरी, पण शरीराशी तिची ओळखदेख काही नाही.

"आणि चौथा पर्याय," डॉक्टर म्हणाले, "तुमची ही दाढच. ती फेकून देण्याऐवजी दळून परत घालू."

दात म्हणजे कोण?

दात म्हणजे हाड नव्हे. परंतु हाडाचा सख्खा भाऊ म्हणावा इतका तो त्याच्या जवळचा आहे. दाताचे जे चकचकीत कवच आपल्याला दिसते ते इनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो. त्यात ९६ टक्के खनिज असते. पण ते केवळ वरचे पांघरूण. त्याच्या आत दाताचा जो खरा गाभा असतो त्याला डेंटिन म्हणतात, मराठीत दंतिन. वजनाने पाहू गेल्यास दंतिनात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. हाडाची घडणही थेट अशीच. फक्त खनिज थोडे कमी. दोहोंतले खनिज एकाच जातीचे, आणि सेंद्रिय भागात दोहोंकडेही मुख्यत्वे कोलॅजन नावाचे एकच तंतुमय प्रथिन.

हा पदार्थ किती टिकाऊ आहे याचा पुरावा आमच्या जिल्ह्यातच आहे. ज्ञानेश्वर महाराज ज्या खांबाला टेकून बसले त्या पैसाच्या खांबामुळे नेवासे सर्वांना ठाऊक आहे. त्याच नेवाशास १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. श्रीरामपूर तालुक्यातील दाइमाबादेसही तशीच दफने मिळाली. पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे प्राध्यापक जॉन ल्युकॅक्स यांनी नेवासे, दाइमाबाद आणि इनामगाव येथील या बालकांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास केला, आणि त्यांवरील खुणांवरून त्या मुलांचे आजार व त्यांची उपासमार यांविषयी अनुमाने काढली. ज्या चिमुकल्या जिवांची नावे गावे कोणास ठाऊक नाहीत, त्यांची कहाणी दातांनी सांगितली!

आपण मात्र असा पदार्थ आजवर काय करीत आलो? मुलाचा दुधाचा दात पडला की कौलांवर भिरकावतो किंवा उंदराच्या बिळात टाकतो. मोठ्यांचा काढला की दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

१९६५ साल

या कचऱ्यातले धन ज्यांच्यामुळे प्रथम ओळखता आले, त्यांचे नाव मार्शल युरिस्ट. हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अस्थिशल्यविशारद. यांनी हाडातले खनिज आम्लाने धुऊन काढले, आणि उरलेला मऊ, रबरासारखा सांगाडा जनावरांच्या स्नायूत नेऊन ठेवला. स्नायूत हाडाचे काय काम? परंतु काही आठवड्यांनी पाहतात तो स्नायूच्या मधोमध नवे हाड तयार होत होते! त्या निर्जीव तुकड्यात असे काही होते, की जे आसपासच्या कोवळ्या पेशींना हाक मारून सांगत होते, 'या, हाड बांधा.' १९६५ साली त्यांनी हे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, १९६७ साली, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाऐवजी दाताचे दंतिन घेऊन तोच प्रयोग केला, आणि तोच चमत्कार दिसला. हाक मारणाऱ्या त्या प्रथिनाला १९७१ साली हाड घडविणारे प्रथिन अशा अर्थाचे नाव मिळाले.

योगायोग असा की ज्या १९६५ साली युरिस्ट यांचा निबंध आला, त्याच साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभारले. स्क्रूला हाड हवे आणि हाडाला हाक मारणारे द्रव्य दातात आहे, या दोन गोष्टी एकाच वर्षी जगापुढे येऊ लागल्या. पण त्यांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

जपानमध्ये होक्काइडो येथील मासारू मुराता यांनी माणसाच्या स्वतःच्याच दाताचे दंतिन त्याच्या जबड्यात भरण्याचा उपचार करून २००३ साली परिषदेत त्याची माहिती दिली. कोरियात यंग-क्युन किम आणि त्यांचे सहकारी या विषयाच्या मागे लागले, आणि २००९ साली सोल येथे दातांची पेढीच निघाली. दंतवैद्याने काढलेला दात तेथे पाठवायचा, आणि त्याची तयार भुकटी त्याच रुग्णासाठी परत यायची, अशी ही व्यवस्था. पुढे इस्रायलच्या तेल अवीव विद्यापीठातील इत्झाक बिंडरमन यांनी खुर्चीशेजारीच दात दळून वीस मिनिटांच्या आत कण्या तयार करण्याची रीत बसविली. तिचा वृत्तांत २०१४ साली आला. दात पाठविण्याची आणि वाट पाहण्याची गरजच उरली नाही.

आपले आपल्याला लावण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही, हेही सांगावयास हवे. टिपू सुलतानाच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला. पुढे युरोपातील शल्यवैद्यांनी ही रीत उचलली. परक्याचे शरीर आपले शरीर सहसा स्वीकारीत नाही. स्वतःचे मात्र ओळखते. कावसजीच्या कपाळाला जो न्याय, तोच आमच्या सौभाग्यवतींच्या दाढेला.

दळण

दाढ काढण्याच्या दिवशी मी डॉक्टरांची परवानगी घेऊन आत बसलो होतो, म्हणून पुढचे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

दाढ निघाल्यावर प्रथम तिची खरड झाली. मुळाला चिकटलेले तंतू, कीट आणि मऊ झालेला भाग डॉक्टरांनी बारीक चाकाने घासून काढला. दातात पूर्वी काही भरलेले असेल तर ते कणभरही राहू द्यायचे नाही. आमच्या दाढेत भरलेले काही नव्हते. काही डॉक्टर इनॅमलचे कवचही काढून टाकतात, कारण ते शरीरात फार सावकाश विरते. इकडे खाचही आतून खरवडून स्वच्छ करण्यात आली, कारण विकार झालेल्या हिरडीचा दूषित भाग आत राहिला तर सारेच मुसळ केरात.

मग दाढ कोरडी करून एका लहानशा डबीत घातली. आपल्या मसाल्याच्या यंत्रासारखेच ते यंत्र. काही सेकंद घरघर झाली आणि खालच्या चाळणीत पांढऱ्या कण्या पडल्या. गृहिणींना समजेल अशा भाषेत सांगायचे तर बारीक रव्यापासून जाड्या रव्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०० ते १२०० मायक्रॉन, एवढा त्यांचा आकार असावा लागतो. त्याहून बारीक पीठ निघते ते बाजूला काढतात. पीठ शरीरात फार लवकर विरून जाते आणि त्याचा मांडव उभा राहत नाही. दुसरीकडे कण्या फार मोठ्या असल्या तर त्यांच्यामध्ये रक्तवाहिन्या नीट शिरत नाहीत. दळणाचे शास्त्र सगळीकडे सारखेच!

यानंतर कण्या दहा मिनिटे एका द्रावणात भिजविल्या. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि अल्कोहोल असते. दातात सूक्ष्म नळ्यांचे अफाट जाळे असते. एका चौरस मिलिमीटरात हजारो नळ्या. त्यांत लपलेले जंतू आणि सेंद्रिय मळ या द्रावणाने निघतो. नंतर तटस्थ क्षारजलाने दोनदा धुऊन कण्या वापरण्यास तयार झाल्या. काही ठिकाणी यापुढे जाऊन कण्यांतले खनिज आम्लाने थोडे कमी करतात, म्हणजे आतले हाक मारणारे प्रथिन मोकळे होते.

एवढ्याशा दाढेतून कण्या मात्र बऱ्याच निघाल्या. दाढेच्या आकारमानाच्या साधारण दुपटीने त्या भरतात, कारण कण्यांच्या मधल्या पोकळ्याही जागा व्यापतात. मध्यंतरी सौभाग्यवतींच्या दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात फिरविले होते. त्यातून पिवळसर, चिवट असा एक पडदा मिळाला. फ्रान्सचे डॉक्टर शुक्रून यांनी २००१ साली ही रीत प्रथम सांगितली. खाचेत कण्या दाबून भरल्या, त्यांवर हा रक्ताचा पडदा घातला, आणि टाके घातले. दाढ त्यांचीच, रक्त त्यांचेच. बाहेरचा होता तो फक्त दोरा.

टाके घालून झाल्यावर सौभाग्यवतींनी बोळा तोंडात धरूनच मला खूण करून विचारले, झाले का? मी म्हटले, "झाले. दाढ गेली कुठेच नाही."

आत पुढे काय घडते? दोडक्याचा वेल मांडवाच्या आधाराने चढतो, तशा हाड बांधणाऱ्या पेशी या कण्यांच्या आधाराने आत शिरतात. कणीभोवती नवे हाड चिकटून वाढते आणि मूळ कणी हळूहळू झिजत जाते. हे नैसर्गिक आहे याची एक खूण दंतवैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. अपघाताने निखळलेला दात परत बसविला, तर पुष्कळदा त्याचे मूळ हाडाशी एकजीव होते, आणि काही वर्षांत मुळाच्या जागी हाडच येऊन बसते. दाताच्या दृष्टीने ते संकट. पण जो गुण दाताचा घात करतो, तोच कण्यांच्या रूपाने उपयोगी पडतो.

पाच महिन्यांनी काढलेल्या फोटोत खाचेच्या भिंती उभ्या दिसल्या आणि मधली जागा भरलेली दिसली. सहाव्या महिन्यात स्क्रू बसला. आता त्यावरचा दात बसून तीन महिने झाले आहेत. अक्का मध्यंतरी आमच्याकडे आली असता भावजयीला तोंड उघडून दाखवायला लावले आणि बराच वेळ निरखून पाहिले. "माझे दात कुठे पडले असतील ग आता?" एवढेच ती म्हणाली. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "वन्सं, तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते." अक्कासाठी आता दुसऱ्या ठिकाणचे हाड घेण्याचा मोठा उपचारच शिल्लक आहे, आणि या वयात तो करावा की न करावा, याचा विचार आमच्या घरी अजून चालू आहे.

हुरळून जाऊ नये

कोणतीही नवी विद्या आली की तिच्या जाहिराती तिच्यापुढे दोन पावले धावतात. म्हणून थोडे सावधपणाचेही सांगितले पाहिजे.

या उपचाराचे आजवरचे निष्कर्ष चांगले आहेत. अशा जागी बसविलेले स्क्रू इतर भुकट्यांच्या जागी बसविलेल्या स्क्रूंइतकेच टिकतात, असे बहुतेक अभ्यासांत दिसते. परंतु हे अभ्यास अजून थोड्या थोड्या माणसांवरचे आणि थोड्या वर्षांचे आहेत. बैलाच्या हाडाच्या भुकटीमागे जितक्या वर्षांचा अनुभव आहे, तितका यामागे नाही. तेव्हा हा उपचार सर्वश्रेष्ठ आहे असे कोणी सांगितले तर ते अर्धसत्य समजावे.

प्रत्येक दात कामाचा नसतो. मुळाची नळी साफ करून आत औषध भरलेला दात पुष्कळ डॉक्टर वापरीत नाहीत, कारण ते औषध पूर्णपणे निघेल याची खात्री नसते. किडीने पोखरलेल्या दातात दळण्याजोगे काही उरतच नाही. उलट वाकडी अडकलेली अक्कलदाढ, किंवा हिरडीच्या विकाराने हललेला पण आतून धड असलेला दात, हा उत्तम. मधुमेह ताब्यात नसेल, विडी-सिगारेट किंवा तंबाखूची मिश्री चालू असेल, तर कण्या कोणाच्याही असोत, जखम नीट भरून येत नाही. आणि प्रत्येक काढलेल्या दाताच्या जागी काही भरलेच पाहिजे असेही नाही. अक्कलदाढेची खाच बहुधा तशीच सोडतात.

आणखी एक खुलासा. मुलांचे दुधाचे दात पैसे भरून जपून ठेवण्याच्या ज्या योजना निघाल्या आहेत, त्या निराळ्या. त्या दातातील मूलपेशींच्या भावी उपयोगावर चालतात. येथे तसे काही साठवायचे नाही. दात आज निघतो आणि आजच परत जातो.

दळण्याचे यंत्र महाग आहे आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसते. काही जण हाडे दळण्याच्या साध्या हातचक्कीवर भागवितात. परंतु चौकशी करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १९३३ साली मुंबईत नायर दंत महाविद्यालय निघाले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला दाताच्या शिकलेल्या डॉक्टरसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आज २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव मिरविणाऱ्या आमच्या या जिल्ह्यातच लोणीला, संगमनेरला आणि खुद्द नगरला दंत महाविद्यालये आहेत. जेथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला ऊस गाळला गेला, त्या प्रवरेच्या काठी आता खेड्यातल्या माणसाचे दात तपासले जातात.

म्हणून दात काढण्याचे ठरले की, भूल देण्यापूर्वीच डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. दात गेल्यावर या जागी पुढे काय करायचे आहे? खाच भरण्याची गरज आहे का? भरायची तर कशाने, आणि ते कशापासून केलेले असते? आणि माझा हा दात त्या कामी येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. दात एकदा पिवळ्या पिशवीत पडला की मग मात्र हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

दिवाळीच्या फराळात चकली कडक झाली म्हणून घरोघरी कोणा ना कोणाला बोलणी खावी लागतात. यंदा बोलणी देण्यापूर्वी चकली खाणाऱ्यांनी आपले दात एकदा तपासून घ्यावेत, आणि हलत असतील तर पाडवा उलटताच दवाखाना गाठावा. आमच्या घरी या वर्षी चकल्या नेहमीच्याच कडक झाल्या आहेत, आणि अक्कासाठी सौभाग्यवतींनी वेगळे बेसनाचे लाडू वळले आहेत, मऊ.